जे वाजतं ते क्लॉक

सकाळी ६.००

नालासोपाऱ्यातली दोन खोल्यांची जागा. बाहेर पाऊस धरून आहे. काका स्टुलावर चढतात, भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडतात. आज बुधवार, चावीचा वार. आधी उजवं भोक, मग डावं. चावी फिरताना कर्रर्र कर्रर्र आवाज येतो. शेवटच्या वळशांना हात जड होतो तसे ते थांबतात. कमान ताणून तोडायची नसते.

मी रात्री त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. दिवस पहिल्यापासून बघायचा होता. काका साठीतले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. त्याआधी वडील करायचे, त्याच जागेवर.

स्वयंपाकघरातून काकूंची हाक येते, "वाजले किती?"

काका उत्तर देत नाहीत. घड्याळच सहा ठोके देतं. काकू डब्याचं झाकण लावतात.

आपण विचारतो ते असंच. किती वाजले. घड्याळ भिंतीवर असो की मनगटावर, की नुसते आकडे दाखवणाऱ्या मोबाइलवर, मराठी माणसाची वेळ वाजतेच.

सकाळी ७.१०

चर्चगेटची फास्ट. बसायला जागा नाही, अपेक्षाही नाही. काकांच्या पाठीवर कापडी पिशवी आहे. गर्दीत शिरताना ती ते पोटाशी घेतात. आत डबा, छत्री, तेलाची बाटली फिल्मरोलच्या जुन्या काळ्या डबीत, दोन पकडी, चार स्क्रू ड्रायव्हर आणि चाव्यांचा जुडगा. आज दुपारी एका घरी जायचंय, म्हणून हत्यारं बरोबर.

अंगावर घोट्यापर्यंतचा घोळदार रेनकोट. गळ्याशी चिंचोळा, खाली पसरत गेलेला. इंग्रजीत असल्या झग्याला क्लोक म्हणतात. तो शब्द घंटेवरून आला, आकारामुळे. हे काकांना सांगायचं मी दुपारपर्यंत राखून ठेवतो. इथे बोलायला श्वासच पुरत नाही.

सकाळी ८.४०

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाची पायवाट. चिखल, गवत, कडेला भिजलेली झाडं. समोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. २८० फूट. १८६९ मध्ये काम सुरू झालं, १८७८ मध्ये संपलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, तो माणूस भारतात कधी आलाच नाही. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, टॉवरसाठी दोन लाख रुपये. नाव त्यांच्या आईचं.

आईबद्दल एक गोष्ट सांगतात. राजाबाईंना दिसत नव्हतं. जैन घरातल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम. सूर्य कुठवर आला ते डोळ्यांना कळत नव्हतं, टॉवरच्या घंटेनं कानांना कळायचं. गोष्ट खरी की मागाहून रचलेली, काकांना त्याच्याशी कर्तव्य नाही. ते चालता चालता मान वर करून तबकडी बघतात आणि मनगटावरचं एचएमटी बघतात.

"माझं अर्धा मिनिट पुढे," ते म्हणतात. "चालेल. मागे नको."

सकाळी ९.२०

फोर्टमधल्या जुन्या इमारतीचा जिना. त्याच्याखाली चार फूट बाय तीन फुटांचं दुकान. लाकडी फळ्या एकेक काढून भिंतीला टेकवायच्या. पाच फळ्या. प्रत्येकीवर वडिलांनी खडूनं घातलेले आकडे होते, आता ते चाकूनं कोरलेत. जागेचं भाडं दिवसाला शंभर बसतं. वीज वेगळी.

काका बसले की दुकान भरतं. मी पायरीवर बसतो.

मागच्या भिंतीवर पत्र्याची पाटी. अक्षरं वडिलांच्या वेळची. इंग्रजीत एकाखाली एक तीन शब्द: क्लॉक, टाइमपीस, वॉच. प्रत्येकापुढे पूर्वी दर लिहिलेला होता. दर खरवडलेत, शब्द ठेवलेत.

"तीन कशाला?" मी विचारतो.

"मजुरी तीन तऱ्हेची." काका टेबलावरची धूळ कुंच्यानं झाडतात. "बाबा सांगायचे, जे ठोके देतं ते क्लॉक. भिंतीवर असेल, टेबलावर असेल, पण ठोके देत नसेल तर टाइमपीस. मनगटावरचं वॉच. क्लॉकमध्ये दोन कमानी. एक काटे फिरवते, दुसरी हातोडी मारते. चाकांचे दोन वेगळे संच. म्हणजे काम दुप्पट. म्हणून मजुरी दुप्पट."

आपल्या घरांत गजराच्या घड्याळाला टाइमपीस म्हणतात. पण घड्याळजींच्या काटेकोर इंग्रजीत आजही बाबा सांगायचे तसंच आहे. ठोके नाहीत तर ते क्लॉक नव्हे. काकांच्या वडिलांनी कोश उघडला नव्हता. ते मजुरी लावत होते, आणि मजुरी लावता लावता शब्दाचा अर्थ सांभाळत होते.

सकाळी १०.१५

पहिलं गिऱ्हाईक. बँकेतली मुलगी, घड्याळ बंद. काका मागचं झाकण उघडतात, जुना सेल चिमट्यानं काढतात, नवा बसवतात. काटा हलतो. दोन मिनिटं. साठ रुपये. सेल त्यांना वीसला पडतो.

असे दुपारपर्यंत चार होतात. हे काम हाताला काही मागत नाही. आतला क्वार्ट्‌झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, कानाला त्यातलं काही येत नाही. बिघडला की आतलं सगळं यंत्रच बदलायचं. पण भाडं याच्यावर निघतं, हेही काका स्पष्ट सांगतात.

चहावाला पोरगा येतो. दोन कटिंग. तीस रुपये. पैसे मी द्यायला लागतो तर काका हात आडवा धरतात.

सकाळी ११.३०

आता हाताचं काम. एचएमटी जनता. एका रिटायर झालेल्या माणसाचं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मागे पडतंय. एचएमटीची मनगटी घड्याळं १९६१ मध्ये सुरू झाली. कंपनीचा घड्याळांचा उद्योग २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं. सुटे भाग आता काका मेलेल्या घड्याळांतून काढतात. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: बॅलन्स, क्राऊन, कमान.

डोळ्याला भिंग लावलं की काका बोलायचे थांबतात. यंत्र बाहेर येतं. चाकं एकेक सुटतात, पेट्रोलच्या वाटीत बुडतात. काम थांबवावं लागलं तर उघड्या यंत्रावर काचेचं छोटं झाकण पालथं घालायचं. घंटेच्या आकाराचं. धूळ हा या धंद्याचा पहिला शत्रू, दमट हवा दुसरा.

कुंचा, फुंकणी, पुन्हा भिंग. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्त झालं तर ते पसरतं आणि चाक अडतं. सतरा खडे आहेत आत, सतराही पुसायचे. स्क्रू इतके बारीक की खाली पडला तर काका उठत नाहीत, हलत नाहीत, मला म्हणतात, "पाय उचलू नका." आणि बसल्याजागी लोहचुंबक फिरवतात.

साडेबारा होत आले. यंत्र पुन्हा जुळलं. काका ते घड्याळ डोळ्यापुढे धरत नाहीत, कानाला लावतात. मान कलती, डोळे मिटलेले. सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. ते मोजत नाहीत, चाल ऐकतात. मग म्हणतात, "लंगडत नाही." आणि सासऱ्यांचं घड्याळ खुंटीवर लावतात. दोन दिवस तिथे चालेल, मग जाईल. मजुरी पाचशे.

दुपारी १.१०

डबा. पोळ्या, दोडक्याची भाजी, लोणचं. मी माझं राखून ठेवलेलं काढतो.

क्लॉक म्हणजे घंटा, मी सांगतो. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये क्लोका म्हणजे घंटा. आयर्लंडचे ख्रिस्ती साधू हातात लोखंडी घंटा घेऊन युरोपभर फिरले, त्यांच्याबरोबर हा शब्दही फिरला असावा. बहुधा घंटेच्या आवाजावरूनच पडलेला. आयरिशमध्ये क्लोग म्हणजे आजही घंटा आणि घड्याळ दोन्ही. डच लोकांचा क्लॉकही तसाच. जर्मनांचा ग्लोके मात्र घंटाच राहिला, फ्रेंचांचा क्लोशही. तुमचं हे धुळीचं झाकण, यालाही फ्रेंच माणूस क्लोश म्हणेल. आणि तुमचा रेनकोट तो क्लोक.

काका झाकण उचलून बघतात. बोटानं टिचकी मारतात. ते किणकिणतं.

१३६८ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजानं डेल्फ्टच्या तीन घड्याळजींना आपल्या देशात येऊन काम करायचा परवाना दिला. त्याच शतकात इंग्रजीत हा शब्द स्थिरावला, डच भाषेकडून. त्या वेळच्या घड्याळांना काटे असतीलच असं नव्हतं. सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचं लोखंडी घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही. ते फक्त तास वाजवतं.

"म्हणजे आधी हातोडी," काका म्हणतात. "काटे मागनं आले."

तसंच. मिनिटकाटा तर फार मागनं. लंबकाचं घड्याळ हॉयगेन्सनं १६५६ मध्ये केलं, त्यानंतर तो विश्वासानं लावता आला. तोवर माणसं वेळ बघत नव्हती, ऐकत होती. ओ क्लॉक म्हणताना इंग्रज मुळात म्हणत होता, क्लॉकच्या हिशेबानं. सूर्याच्या हिशेबानं नव्हे. सूर्याचा तास उन्हाळ्यात लांबतो, थंडीत आखडतो. घंटेचा तास सारखा. फ्लँडर्समध्ये कापड विणणाऱ्या शहरांनी चौदाव्या शतकात कामाची वेगळी घंटाच टांगली होती. कामावर यायची, जेवणाची, सुटायची.

"भोंगा," काका म्हणतात. डबा पुसून बंद करतात. "आज जायचंय ना, तिथे भोंगाच होता."

मग त्यांचा प्रश्न: "आणि वॉच?"

वॉच म्हणजे जागणं. जागता पहारा. आणि आपला पहारा हा शब्द प्रहरावरून आला. तीन तासांचा प्रहर. प्रहराचा मूळ अर्थ ठोका, कारण प्रहर सरला की थाळीवर टोला पडायचा. पाण्यात ठेवलेलं भोकाचं वाटीएवढं पात्र चोवीस मिनिटांनी भरून बुडायचं, ती घटिका. लग्नात भटजी घटिकापात्र ठेवायचे ते तेच. अडीच घटिकांचा तास. आणि देवळात आरतीला जी काशाची जाड थाळी बडवतात, तिचंही नाव तास.

काका थोडा वेळ गप्प असतात. "गावी आमच्या देवळात मी वाजवलाय तास," ते म्हणतात. "पण हा तास नि तो तास एक, हे कधी डोक्यात आलं नाही."

दुपारी २.३०

फळ्या लावायच्या. दुकान बंद म्हणजे तीन तासांची कमाई बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला निरोप: साडेपाचला येतो. पास असल्यामुळे लोकलला खर्च नाही. चर्चगेट ते लोअर परळ, स्लो गाडी. या वेळेला खिडकी मिळते.

दुपारी ३.२५

डिलाईल रोडवरची चाळ. दुसरा मजला. गॅलरीत वाळत न वाळलेले कपडे. दारातच हाक येते, "आलास? चपला आत घे, पावसात जातील."

मावशी ऐंशीच्या पुढच्या. काचबिंदूनं नजर गेली. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. यजमान गिरणीत होते, साचे खात्यात. भिंतीवर अमेरिकन अन्सोनिया, आठ दिवसांच्या चावीचं. सासऱ्यांनी जुन्या बाजारातून आणलं होतं. पूर्वी सकाळचा भोंगा झाला की यजमान काटे त्याच्याशी जुळवायचे. भोंगा थांबला त्याला किती वर्षं झाली. घड्याळ चालूच राहिलं.

"तुझे बाबा यायचे तेव्हा चहात आलं घालावं लागायचं," मावशी म्हणतात. "तुला चालतो ना बिनआल्याचा?"

तक्रार अशी: काटे बरोबर असतात म्हणे, पण ठोके भलतेच पडतात. तीनला आठ पडले. डोळ्यांत थेंब घालायचे सकाळी आठला, रात्री आठला. दोन दिवस थेंब दुपारी तीनला पडले. भाच्यानं बोलणारा मोबाइल आणून दिलाय, पण त्याचं बटण सापडत नाही.

काका घड्याळाला हात लावत नाहीत. समोर उभे राहून ऐकतात. टिक आणि टॉक यांच्यामध्ये सारखं अंतर हवं. इथे एक लांब, एक आखूड.

"भिंत रंगवली?"

"महिना झाला. तुला कोणी सांगितलं?"

घड्याळ रंगासाठी उतरवलं होतं, परत टांगताना जरा तिरकं लागलं. काका खालच्या बाजूनं पेटी बोटभर डावीकडे सरकवतात. ऐकतात. आणखी थोडी. टिक, टॉक, टिक, टॉक. सारखं झालं. पाणसळ लावली नाही, कानच पुरला. पेन्सिलनं नव्या रंगावर बारीक खूण करतात.

मग काच उघडतात. चाव्यांच्या दोन भोकांपैकी उजव्याची कमान भरलेली. डाव्याची अर्धीच.

"चावी कोण देतं?"

"शेजारची पोर. हल्ली डावं भोक फिरत नाही म्हणाली. मग मधे तिचा भाऊ आला, त्यानं जोर लावून फिरवलं."

इथेच सगळं कळलं. डावी कमान ठोक्यांची. ती संपली, ठोके बंद पडले. काटे आपले चालत राहिले. पुन्हा चावी बसली तेव्हा ठोक्यांनी जिथे सोडलं होतं तिथून मोजणी सुरू केली. या घड्याळात ठोके मोजणारं वेगळं चाक असतं. त्याच्या कडेला खाचा, एकीपासून दुसरीपर्यंतचं अंतर वाढत जाणारं. काटे कुठे आहेत हे त्या चाकाला ठाऊक नसतं. ते फक्त मागच्याच्या पुढचं वाजवतं.

काका तबकडी उतरवतात. डावी बाजू कोरडी खडखडीत. जुन्या तेलाचा काळा डिंक झालेला. पेट्रोलचा बोळा, काडी, मग सुईनं नवं तेल. दहा मिनिटं. काटे परत बसतात, काका मनगट बघून ते तीन वाजून पन्नासवर लावतात.

यंत्राखाली एक तार लोंबते. ती बोटानं उचलली की हातोडी सुटते. काका उचलतात. नऊ ठोके. पुन्हा. एक, तो साडेनऊचा. पुन्हा. दहा. चाळीच्या गॅलरीत दोन पोरं येऊन थांबतात. एक. अकरा. एक. बारा. मग एक, एक, एक: साडेबारा, एक, दीड.

"हे तीन फसवे," मावशी म्हणतात. "रात्री जाग आली आणि एकच ठोका पडला की काही कळत नाही. मग पुढच्याची वाट बघत पडायचं."

दोन. एक. तीन. एक. काका थांबतात. चौदा वेळा तार उचलली, पंचावन्न ठोके पडले. ठोके साडेतीनला आले, काटे पन्नासच्या पुढे गेलेत.

आता निघता येईल. काम झालंय. पण काका स्टुलावर बसतात. चहा पितात. बिनआल्याचा. मी मनातल्या मनात हिशेब करतो: या घड्याळाचे दिवसाला १८० ठोके, अर्ध्या तासाचे धरून. एका चावीत आठ दिवस, म्हणजे १४४० ठोके. दिवसाची मिनिटंही १४४०. हा योगायोग, पण मावशींचे दिवस याच ठोक्यांवर उभे आहेत.

दुपारी ४.००

आतून आधी एक बारीक खटका येतो. घड्याळ श्वास घेतल्यासारखं. काका मान खाली घालून ऐकतात. मावशी बोटं मुडपतात.

एक. दोन. तीन. चार.

"बरोबर," मावशी म्हणतात. "आता किती देऊ?"

"सातशे."

"बाबा पाच रुपये घ्यायचे."

"तेव्हा भाडं वेगळं होतं, मावशी."

त्या उशाखालून पाकीट काढतात. नोटा बोटांनी चाचपून मोजतात. सातशे. काका शेजारच्या पोरीला बोलावतात आणि तिचा हात धरून चावी देऊन दाखवतात. दोन्ही भोकं, दर रविवारी. जोर नाही. अडलं तर फोन.

संध्याकाळी ५.४०

दुकान पुन्हा उघडतं. पावसाळी कामं आलीत. एका मुलाचं घड्याळ, काचेच्या आत वाफ. काका झाकण उघडतात, दिव्याच्या उबेत ठेवतात, जुनं रबर काढून नवं बसवतात. अडीचशे. दोघांच्या पट्ट्यांच्या पिना, तीस-तीस. आणखी दोन सेल. सुटलेल्या ऑफिसांची गर्दी स्टेशनकडे वाहतेय, दुकानापुढे एक क्षण थांबते, पुढे जाते. आणखी दोन कटिंग.

संध्याकाळी ७.४५

जनताचा मालक पाऊस बघून आज येऊन पैसे देऊन गेला, घड्याळ परवा नेईल. काका वहीत मांडतात. सेल सहा, ३६०. जनता, ५००. पिना, ६०. वाफ, २५०. डिलाईल रोड, ७००. एकूण १८७०. त्यातून सेलचे १२०, चहाचे ६०, भाड्याचे शंभर. हातात १५९०. काल ४१० होते. दोन्ही आकडे एकाखाली एक, त्याच अक्षरात.

रात्री ८.००

मागच्या भिंतीवर गिऱ्हाइकांची तीन क्लॉक चालवून बघायला टांगलेली आहेत. काका पाठमोरे होऊन पहिली फळी लावतात. एक घड्याळ वाजायला लागतं. ते संपायच्या आत दुसरं. मग तिसरं, खर्जातलं. तीन आवाज एकमेकांत मिसळतात. मला नुसता घणघणाट ऐकू येतो.

काका तिसरी फळी हातात धरून थांबतात.

"मधल्याचे सातच पडले."

फळी बाजूला ठेवतात. दिवा लावतात, मधल्या घड्याळाची काच उघडून हातोडीला बोट लावून बघतात. शेवटच्या ठोक्याला ती तारेपर्यंत पोचत नाही, केसभर कमी पडते. आता हात घातला तर गाडी जाईल. काका पेन्सिल घेतात, चिठ्ठीवर लिहितात: आठवा ठोका. चिठ्ठी चावीच्या भोकात खोचतात.

मग उरलेल्या फळ्या, कडी, कुलूप. पाऊस थांबलाय. ओव्हलच्या अंधारातून टॉवरची उजळलेली तबकडी दिसते. काका या वेळी मान वर करत नाहीत. पिशवी पोटाशी धरून झपझप चालतात.